केंद्र आहे, प्रक्षेपण नाही

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींशी दूरदर्शनविषयी बोलू लागले की प्रथम एक फरक समजून घ्यावा लागतो. तिकडे शहरातील टीव्ही केंद्र बहुधा कुणा स्थानिक किंवा खाजगी कंपनीच्या मालकीचे असते. मनोरा त्याचा, परवाना त्याचा, स्थानिक बातम्याही त्याच्याच. देशभर दिसणारे मोठे कार्यक्रम मात्र ते एखाद्या राष्ट्रीय नेटवर्ककडून कराराने घेते. या कराराला संलग्नता म्हणतात. करार संपला की नेटवर्क दुसऱ्या केंद्राकडे जाते आणि जुन्या केंद्राला संध्याकाळचे तास स्वतःच्या बळावर भरावे लागतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या क्रॉन या केंद्राचे एनबीसीशी असलेले नाते १९४९ पासूनचे होते. नव्या मालकांचे आणि नेटवर्कचे अटींवर जमले नाही आणि १ जानेवारी २००२ पासून एनबीसी सॅन होजेच्या केंद्रावर गेले. अगदी अलीकडे, ऑगस्ट २०२५ मध्ये, मायामीच्या डब्ल्यूपीएलजी केंद्राने एबीसीशी असलेला कित्येक दशकांचा संबंध संपवला. दोन्ही केंद्रे बंद पडली नाहीत. त्यांनी स्थानिक बातम्यांचे तास वाढवले. राष्ट्रीय कार्यक्रम गेले, पण गावाशी बोलण्याचे साधन हाती राहिले.

आपल्याकडे असे घडू शकत नाही, कारण आपल्याकडे दूरदर्शनचे केंद्र म्हणजे नेटवर्कचाच एक अवयव. हाताने शरीराशी करार केलेला नसतो, तसेच हे. त्यामुळे आपल्याकडे संलग्नता सुटत नाही, सुटते ते दुसरेच काही. त्याचे उदाहरण मी कर्नाटकातच पाहिले आहे. माझी बहुतेक नोकरी या राज्यात झाली आणि निवृत्तीनंतर बेंगळुरातच राहिलो, म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये बातमी आली की दूरदर्शनचे कलबुर्गी केंद्र बंद होणार. आसामातील सिल्चर केंद्राबद्दलही तशीच बातमी होती. लोकांनी निवेदने दिली, आंदोलनाची भाषा झाली. त्यावर प्रसार भारतीने खुलासा केला. केंद्रे बंद होत नाहीत, बंद होत आहेत ती जुन्या अॅनालॉग पद्धतीची प्रक्षेपण यंत्रे. हे तंत्रज्ञान कालबाह्य झाले आहे, देशातील अशी जवळजवळ ७० टक्के यंत्रे आधीच बंद केली आहेत, मोक्याच्या जागांवरची सुमारे ५० वगळता उरलेली ३१ मार्च २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होतील. कलबुर्गीचा स्टुडिओ कार्यक्रम तयार करीत राहील आणि ते चंदना या कानडी उपग्रह वाहिनीवरून दाखवले जातील, शिवाय इंटरनेटवरही असतील.

खुलासा खरा होता. त्यात काही लपवलेले नव्हते. तरीही कलबुर्गीच्या लोकांना जे गेले असे वाटत होते, ते खरोखरच गेले होते. प्रशासनात काम केलेल्या माणसाला ही परिस्थिती ओळखीची असते. आपण दिलेले उत्तर शब्दशः बरोबर असते आणि विचारणाऱ्याचा प्रश्नही तसाच शिल्लक राहतो.

कलबुर्गी म्हणजे आपले गुलबर्गा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदलले. सोलापूरच्या माणसाला ते परके नाही. १९५६ पर्यंत हा जिल्हा आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. आळंद, अफझलपूर या बाजूला आजही मराठी सर्रास ऐकू येते. भारतातील दूरदर्शनच्या इतिहासात या मागासलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे स्थान बेंगळूरच्या आधीचे आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

१ ऑगस्ट १९७५ रोजी 'साइट' नावाचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताला वापरू दिला. इस्रोने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री आणि शाळेत किंवा पंचायतीत ठेवलेला संच. कर्नाटकातले जिल्हे निवडले ते गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर. त्या वेळी खुद्द बेंगळूरला दूरदर्शन नव्हते. ते आले १९८१ मध्ये. म्हणजे राजधानीतल्या सचिवाने टीव्ही पाहण्याच्या सहा वर्षे आधी गुलबर्ग्याच्या शेतमजुराने तो पाहिला. शेती, आरोग्य आणि शाळेतल्या मुलांसाठी विज्ञान, असे त्या कार्यक्रमांचे स्वरूप होते.

३१ जुलै १९७६ ला वर्ष संपले आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. २,४०० खेड्यांतील छत्र्या आकाशाकडे तोंड करून तशाच राहिल्या. नेटवर्क सुटण्याचा प्रकार आपल्या देशात कुठे झाला असेल तर तो हाच. पण या ठिकाणी शासनाने एक चांगली गोष्ट केली. प्रयोगातून जागी झालेली अपेक्षा वाऱ्यावर सोडली नाही. ज्या भागांत प्रयोग झाला, त्यांतील काही ठिकाणी जमिनीवरची प्रक्षेपण केंद्रे उभारली. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला असे केंद्र मिळाले. उपग्रह गेला, पण त्याच्या जागी मनोरा आला. दिलेली सेवा काढून घेताना पर्याय काय, याचे उत्तर त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी शोधून ठेवले होते.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, मी त्या भागात साहाय्यक आयुक्त होतो. महाराष्ट्रात ज्याला प्रांत म्हणतात तेच हे पद. एकदा जनावरांच्या लसीकरणाचे वेळापत्रक दोन दिवसांनी पुढे ढकलावे लागले. अकरा गावे होती. तलाठ्याला, म्हणजे तिकडच्या ग्राम लेखपालाला, निरोप पोचवायला सायकलवरून दीड दिवस लागला असता, तोवर लोक जनावरे घेऊन येऊन परत गेले असते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवले म्हणून एका कागदावर गावांची नावे आणि नव्या तारखा लिहून ड्रायव्हरबरोबर दूरदर्शन केंद्रावर पाठवल्या. त्या संध्याकाळी कानडी कार्यक्रमात त्या वाचल्या गेल्या. जुन्या तारखेला एकही बैलजोडी आली नाही. नव्या तारखेला रांगा लागल्या.

गोष्ट लहान आहे. पण तीत प्रशासनाला लागणाऱ्या तीन वस्तू एकत्र आल्या होत्या. निरोप त्याच दिवशी गेला, ज्यांचा होता त्यांनाच गेला आणि त्यांच्या बोलीत गेला. कागद देणारा आणि तो वाचणारा यांच्यामध्ये दहा मिनिटांचा रस्ता होता, परवानगी मागायला बेंगळूर किंवा दिल्लीला जावे लागले नाही. पुढे मी सचिवालयात आलो, मोठ्या योजना हाताळल्या. पण इतक्या कमी खर्चात इतके अचूक पोचलेले दुसरे सरकारी पत्र मला आठवत नाही.

दूरदर्शनचा विस्तार मात्र या विचाराने झाला नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आशियाई खेळ झाले, रंगीत टीव्ही आला. १९८४ मध्ये तर काही महिने जवळजवळ रोज एक या गतीने लहान प्रक्षेपण यंत्रे बसवली गेली. आकडा डोळे दिपवणारा होता. पण त्या यंत्रांना स्टुडिओ नव्हता. ती दिल्लीचे कार्यक्रम घेऊन पुढे फेकत. कित्येक जिल्ह्यांना स्वतःच्या राजधानीची भाषा ऐकू येण्याआधी दिल्लीची हिंदी ऐकू आली. गुलबर्ग्यासारखे, स्वतः बोलू शकणारे केंद्र हा अपवाद होता. बाकी सर्वत्र 'केंद्र' या शब्दाचा अर्थ ऐकणारा मनोरा एवढाच होता.

स्थानिक वेळ म्हणजे किती नाजूक वस्तू, याचा धडा बेंगळूरने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. ऑक्टोबर १९९४ मध्ये बेंगळूर केंद्रावरून रोज दहा मिनिटांचे उर्दू बातमीपत्र सुरू झाले. विरोध झाला, दंगल उसळली आणि वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. बातमीपत्र मागे घ्यावे लागले. त्या घटनेची राजकीय कारणे अनेक होती आणि ती येथे उगाळण्याचे कारण नाही. मला त्यातला प्रशासकीय भाग महत्त्वाचा वाटतो. केंद्रावरची दहा मिनिटे ही लोकांच्या दृष्टीने जमिनीच्या तुकड्यासारखी असतात. त्यावर कुणाचे नाव लागते याकडे सर्वांचे लक्ष असते. अशी वाटणी करण्याआधी सर्व बाजूंच्या लोकांशी बोलणे हा निर्णयाचाच भाग असला पाहिजे. फाईलवर मात्र ती 'कार्यक्रमाच्या वेळेतील बदल' एवढ्या एका ओळीत बसते.

आता २०२१ च्या निर्णयाकडे येऊ. तो चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. उलट, फाईल माझ्यासमोर आली असती तर तांत्रिक भागावर मीही सहमतीची सही केली असती. छपरावर अँटेना लावून दूरदर्शन पाहणारी घरे फार थोडी उरली होती. जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नव्हते. विजेचा आणि मनुष्यबळाचा खर्च चालूच होता. यंत्रे बंद केल्याने वर्षाला सुमारे १०० कोटी रुपये वाचतील आणि त्या लहरी ५जीसारख्या नव्या कामांना मोकळ्या होतील, असे प्रसार भारतीने सांगितले होते. दुसरीकडे डीडी फ्री डिश ही मोफत उपग्रह सेवा २००४ पासून चालू आहे. एकदा छत्री आणि डबा घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. उद्योगाच्या अंदाजांनुसार ती चार कोटींहून अधिक घरांत पोचली आहे. शिवाय १९९५ च्या कायद्याने केबलवाल्यांवरही दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवण्याचे बंधन आहे. 'लोकांना दूरदर्शन दिसेनासे होईल' हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. दूरदर्शन दिसतेच आहे, पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसते.

प्रश्न दिसण्याचा नाही. उपग्रहावरून येणारी वाहिनी साऱ्या देशात एकच असते. जमिनीवरच्या मनोऱ्याला मर्यादा होती, त्याचा आवाज काही तालुक्यांपलीकडे जात नसे. आपण तिला उणीव समजलो. पण अफझलपूर तालुक्याशी बोलायचे असेल तर ती मर्यादा हाच गुण होता. चंदना वाहिनीवर कलबुर्गीच्या अकरा गावांची नावे वाचायची तर म्हैसूर, मंगळूर आणि चामराजनगरच्या प्रेक्षकांचा कार्यक्रम थांबवावा लागेल. कोणताही कार्यक्रम अधिकारी ते करणार नाही, आणि त्याला दोष देता येणार नाही.

यातून अधिकाराची जागाही बदलली. पूर्वी कलबुर्गीचा स्टुडिओ काय दाखवायचे हे ठरवी आणि दाखवी. आता तो कार्यक्रम तयार करतो, आणि तो वाहिनीवर केव्हा आणि किती वेळ जाईल हे वाहिनीच्या वेळापत्रकावर ठरते. वाहिनी बेंगळुराची आहे. जयचामराजेंद्र नगरातल्या दूरदर्शनच्या आवारावरून मी अनेकदा जातो, तेव्हा हे मनात येते. दिल्ली आपल्याला वेळ देत नाही ही बेंगळूरची जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. आता कलबुर्गीच्या बाबतीत दिल्लीच्या जागी बेंगळूर येऊन बसले आहे. यात कुणाचा दुष्ट हेतू नाही. जिथे वेळापत्रक बनते तिथल्या गरजा आधी दिसतात, इतकेच.

गंमत अशी की याच काळात इतर खाती उलट दिशेने चालली होती. उच्च न्यायालयाचे खंडपीठ २००८ मध्ये कलबुर्गीला गेले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. या भागासाठी घटनेत ३७१ (ञ) हे विशेष कलम घातले गेले. न्याय दाराशी नेला, निधी दाराशी नेला, आणि आवाज मात्र पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आणून ठेवला. हे कुणी ठरवून केले नाही. न्यायालयाची फाईल एका मंत्रालयात होती, मनोऱ्याची दुसऱ्या. दोन्ही फाईली एका टेबलावर कधीच आल्या नाहीत.

याचे गांभीर्य कळण्यासाठी ऑक्टोबर २०२० आठवावा. परतीच्या पावसाने सोलापूर जिल्ह्याला झोडपले, उजनी धरणातून पाणी सोडावे लागले आणि भीमाकाठची कलबुर्गी व विजापूर जिल्ह्यांतील गावे पाण्याखाली गेली. पाणी महाराष्ट्रातून निघते आणि कर्नाटकात चढते. सोलापूरचा आकडा अफझलपूरच्या शेतकऱ्याला काही तासांत, कानडीत आणि मराठीतही, कळायला हवा. अशा दिवशी वीज जाते, मोबाईलचे मनोरे मुके होतात. मोफत उपग्रह सेवा ज्या केयू-बँडवर चालते त्या लहरीही मुसळधार पावसात क्षीण होतात. म्हणजे ज्या रात्री सर्वाधिक गरज, त्याच रात्री छत्रीचा डबा 'सिग्नल नाही' अशी पाटी दाखवण्याची शक्यता.

याला उत्तर म्हणून मोबाईलवरच्या सेल ब्रॉडकास्ट इशाऱ्यांकडे बोट दाखवले जाते. २०२३ मध्ये देशभर त्यांच्या चाचण्या झाल्या, फोन कर्कश वाजले, ते आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. ही सोय उत्तम आहे आणि ती विशिष्ट भागापुरती देता येते. पण इशारा म्हणजे माहिती नव्हे. पाणी येत आहे हे फोन सांगेल. कोणता पूल बंद आहे, जनावरे कुठे न्यायची, पंचनाम्याला कोणते कागद लागतील, हे सांगायला कुणीतरी ओळखीच्या आवाजात दहा मिनिटे बोलावे लागते. आज ते काम मुख्यतः आकाशवाणीकडे उरले आहे.

आणि आकाशवाणीकडेही तीच वाट येऊ घातली होती. जून २०२३ मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे देण्याचा निर्णय झाला. पुण्यातून जोरदार विरोध झाल्यावर त्याला स्थगिती मिळाली. पुण्याला वर्तमानपत्रे आहेत, खासदार आहेत, दिल्लीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज आहे. कलबुर्गीच्या निवेदनांना खुलासा मिळाला, पुण्याच्या विरोधाला स्थगिती. मला पुण्याचा हेवा वाटत नाही. पण सेवा टिकणे हे ती काढून घेताना कोण किती ओरडू शकतो यावर अवलंबून असू नये.

मग काय करता आले असते? माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सुचतात. त्या आजही करता येण्यासारख्या आहेत.

पहिली, एखादे यंत्र बंद करताना त्या यंत्रावर कोणकोणती कामे टेकलेली होती, याची यादी जिल्हाधिकाऱ्याकडून मागवावी. प्रेक्षकसंख्या विचारली की उत्तर 'नगण्य' असे येते. कामे विचारली तर पूर, लसीकरण, बियाणे, परीक्षा अशी यादी येईल. तिच्यातील प्रत्येक काम यापुढे कशावर चालेल, हे त्याच आदेशात लिहावे. १९७६ साली उपग्रह गेला तेव्हा आपण हे केले होते.

दुसरी, जिथे स्टुडिओ आहे पण मनोरा नाही, तिथे राज्य वाहिनीवरची वेळ आदेशाने निश्चित करावी. कलबुर्गीला रोज अर्धा तास, अमुक वेळेला, आणि तो बेंगळुरास परस्पर कापता येऊ नये. विविध प्रदेशांच्या भाषा व संस्कृतींना पुरेसे स्थान देणे हे प्रसार भारतीच्या कर्तव्यांत कायद्यानेच लिहिले आहे. कर्तव्य घड्याळाच्या वेळेत मांडल्याशिवाय ते पार पडले की नाही, हे तपासता येत नाही.

तिसरी, आपत्तीच्या काळात जिल्ह्यातील आकाशवाणी केंद्राला स्थानिक निर्णयाने नेहमीचे कार्यक्रम थांबवून बोलण्याचा लेखी अधिकार असावा. भीमेसारख्या नदीवर दोन राज्यांची केंद्रे एकमेकांना थेट जोडलेली असावीत. सोलापूर आणि कलबुर्गी यांच्यात शंभरएक किलोमीटरचे अंतर आहे. निरोप मात्र मुंबई आणि बेंगळूर असा फिरून येऊ शकतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा या प्रश्नाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध उलट्या बाजूने आहे. ज्या तंत्राने कलबुर्गीचा मनोरा अनावश्यक ठरवला, त्याच तंत्राने आपल्या घरात मराठी आणली. बेंगळूरच्या जमिनीवरच्या मनोऱ्याने मराठी क्वचितच दाखवली. आज माझ्या गच्चीवरच्या छत्रीतून सह्याद्री वाहिनी सोलापुरात दिसते तशीच दिसते. इथल्या महाराष्ट्र मंडळातील वृद्ध मंडळी सकाळी त्याच बातम्यांवर वाद घालतात, ज्यांच्यावर कोल्हापुरात वाद चाललेला असतो. दूर गेलेल्या माणसाला उपग्रहाने घर दिले. जो घरीच राहिला, त्याचे चावडीवरचे बोलणे मात्र त्याच व्यवहारात कमी झाले. आपला लाभ खरा आहे, म्हणूनच त्याची किंमत कुणी मोजली हे आपण तरी विसरू नये.

भीमेला पूर पुन्हा येईल. तेव्हा अफझलपूरच्या गावांना संध्याकाळी सात वाजता कोण, कुठून आणि कोणत्या भाषेत सांगणार, याचे उत्तर एका जिल्हा अधिकाऱ्याच्या नावासह आणि दूरध्वनी क्रमांकासह आदेशात लिहिलेले असले पाहिजे. हा आदेश काढायला नवा कायदा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. एका पानाचे पत्र पुरते.